बाबांच्या गाडीवरची छत्री

टीव्हीची छत्री घराच्या छपरावर लावतात, हे मला माहीत आहे. मी गोंदियाकडच्या गोरेगावच्या एका कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. जगातली कोणती वस्तू कुठे लावायची आणि त्यासाठी कोणाची सही लागते, हे लोकांना सांगण्यातच माझं आयुष्य गेलं. तेव्हा "ओमेशबाबू, छत्री गाडीवर काऊन लावली जी?" असं विचारणाऱ्यांनी कृपा करून शेवटपर्यंत ऐकून घ्यावं. मधे हसू आलं तर हसावं. माझी हरकत नाही, आता सवय झाली आहे.

सुरुवात जेवणापासून करावी लागेल. आई गेली आणि बाबांनी जेवण सोडलं. रागावून किंवा व्रत म्हणून नव्हे. ताट समोर ठेवलं की ते शेजाऱ्याचं ताट चुकून आपल्याकडे आल्यासारखं त्याच्याकडे बघत बसत. फक्त दुपारी एक वाजता टीव्हीवर कावेरीची मालिका लागली की त्यांचा हात आपोआप भाताकडे जाई. ही मालिका खरी आईची. त्यातल्या कावेरी नावाच्या सुनेला जावेनं जिन्यावरून ढकललं होतं आणि ती दवाखान्यात बेशुद्ध पडली होती. ती शुद्धीवर येऊन जावेचं नाव सांगते की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. तो सुटायच्या आत आईच गेली.

"तिले सांगाव लागन ना, ती गेल्यावर मांगून काय झालं तं," बाबा म्हणत आणि घास गिळत.

मी या मालिकेचा मनापासून द्वेष करत असे. इतके महिने बेशुद्ध असलेल्या बाईच्या ओठांना रोज ताजा रंग कोण लावतो, असा प्रश्न मी एकदा जेवताना विचारला. बाबांनी त्या दिवशी अर्धी भाकर ताटात ठेवली. माझी बायको दुर्गेश्वरी मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "अजी, ते एवढंच खातात दिवसभरात. तुमचं तोंड कचेरीत चालवा."

त्यात बाबा गोठ्यात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. या वयात जुळणार नाही, आराम द्या, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे काय ते बाबांना आमच्याआधी कळलं. धान कापणीला आला होता. दरवर्षी कापणीपासून मळणी होईपर्यंत बाबा बांधीवरच्या, म्हणजे धानाच्या शेतावरच्या, खोपडीत मुक्काम करत, धानाची राखण करत. पडल्या पडल्या त्यांनी फर्मान काढलं, "मले बांधीवर नेऊन टाक. येथं भिंती पाहून पाहून मरू का?"

खोपडीत मोडक्या हाडाचा माणूस ठेवायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली. गार जमीन नको, वारा नको, पलंग उंच हवा. दुर्गेश्वरीनं शेवटची अट घातली, "नेता तर न्या, पण एक वाजता टीव्ही लागला पाहिजे. नाहीतर उपाशी राहतील बाबाजी." मी तिथल्या तिथे ठरवलं की चाकांवरची एक बंद खोली घ्यायची, तिच्या छपरावर टीव्ही पकडणारं काहीतरी बसवायचं आणि ती बांधीवर नेऊन उभी करायची. इतका सरळ विचार मी नोकरीत कधी केला नव्हता, आणि त्याचं फळ मिळायचं ते मिळालं.

आधी काय बसवायचं यावर गल्लीत चर्चा झाली. शेजारचे शालीकराम गुरुजी त्यांच्या माळवदावरचा जुना काटेरी अँटेना द्यायला निघाले. तो पकडायचा ते प्रक्षेपण कधीच बंद झालं आहे आणि गेली काही वर्षं त्यावर फक्त कावळे येतात, हे मी त्यांना नम्रपणे सांगितलं. "अरे, पण लोखंड पाहा कसं आहे," गुरुजी म्हणाले. मोबाइलवर दाखवा, असंही कोणी सुचवलं. आमच्या बांधीवर नेटवर्क शेताच्या कडेला धुऱ्यावर असलेल्या मोहाच्या झाडावर चढलं तरच मिळतं, आणि बाबांना झाडावर चढवणं डॉक्टरांच्या सल्ल्यात बसत नव्हतं. महिन्याच्या रिचार्जची छत्री सेवकरामनं हाणून पाडली. हा आमच्या समोरचा किराणावाला. लग्न असो की मयत, पुढे हाच असतो. तो म्हणाला, "रिचार्ज मधातच संपला आन् कावेरी त्याच दिवशी उठली, तं?" शेवटी फुकटवाली छत्री पक्की झाली. कावेरीची वाहिनी त्यावर दिसते, याची दुर्गेश्वरीनं तिच्या बहिणीला फोन करून खात्री केली होती.

गाडी मात्र मी एकट्यानं निवडली, आणि त्याचा मला अभिमान होता. कोहमाऱ्याच्या चौकात, ढाब्यांच्या मागे, दुधराम नावाच्या माणसाचा जुन्या गाड्यांचा अड्डा आहे. तिथे ट्रॅक्टरला जोडायची एक लांबट बंद ट्रॉली उभी होती. छप्पर पक्कं, चारही बाजूंनी काचा, आत पलंगाएवढा ओटा आणि शेजारी बसायला बाक. बाबांना पडल्या पडल्या चारही बांध्या दिसतील म्हणून मी हरखून गेलो.

"आतल्या माणसाला धक्के तर बसत नाहीत ना?" मी विचारलं.

"आजपर्यंत एकाही सवारीनं तक्रार नाई केली जी," दुधराम म्हणाला.

"आमचे वडील आजारी आहेत. झोपूनच जातील."

"मंग तं त्यांच्याचसाठी बनली आहे गाडी. झोपूनच जाते याच्यात समदे."

त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा एक रेषही हलली नाही. मी कागद बघितले, चाकं बघितली, छपरावर आधीच एक लोखंडी खुंट बसवलेला बघून तर छत्रीची सोय झाली म्हणून आनंद झाला. पाहायला नको ते सगळं मी बारकाईनं पाहिलं.

टिंकूचा ट्रॅक्टर जोडून आम्ही गोरेगावात शिरलो. टिंकू आमचं शेत नांगरतो. चाळिशीचा आहे, पण नाव टिंकूच राहिलं. मी मोटारसायकलवर पुढे होतो. बाजारातून जाताना एक विलक्षण गोष्ट घडली. दुकानदार गादीवरून उठून उभे राहिले. चहावाल्यानं रेडिओ बंद केला. दोन म्हाताऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बसस्टँडवरच्या अनोळखी माणसांनी हात जोडले. इतकी वर्षं या गावात नोकरी करतो, पण नमस्कार असा मनापासून कधी मिळाला नव्हता. मला वाटलं, आजारी बापासाठी मुलगा किती करतो, हे गावाला कळलं असावं. मीही उजवा हात हँडलवरून काढून सगळ्यांना नमस्कार करत गेलो. दोघं-तिघं मान खाली घालून ट्रॉलीच्या मागे चालू लागले. एकानं मला जवळ येऊन हळूच विचारलं, "किती वाजता न्यायचं आहे?" मी म्हटलं, "उद्या सकाळी, आधी रंग द्यायचा आहे." तो माझ्याकडे बघतच राहिला.

गाडी दारात लागली आणि शेजारच्या शकुंतलाबाईंनी ती खिडकीतून पाहून हंबरडा फोडला. "अवं माय, गेला वं माझा भाऊ! कालच तं भाजी धाडली होती!" त्यांच्यामागे गल्लीतल्या आणखी चार बायका आल्या. मी कोणाकोणाला आवरू? तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, "कोन गेलं, बाबू?"

रडणं एकदम थांबलं. ज्याच्यासाठी रडायचं तोच चौकशी करतो म्हटल्यावर बायकांना पुढे काय करावं ते सुचेना. शकुंतलाबाई पदरानं डोळे पुसत थोड्या रागानंच घरी गेल्या.

सेवकरामनं मला बाजूला घेतलं. "ओमेशबाबू, तुम्ही हे का आणलं? हा आपल्याच गावचा जुना स्वर्गरथ होय. मंडळानं नवी मोटर घेतली, तवा हा भंगारात देल्ला. याच्यात कितीक मानसं मी माझ्या हातानं चढवले." मग तो अडखळला. "काकू बी याच्यातच..."

माझ्या आईला नेलेली गाडी मी ओळखली नाही, यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. पण आमच्याकडे मुलगा मडक्यात इस्तव घेऊन सगळ्यांच्या पुढे चालतो, आणि त्यानं मागे वळून पाहायचं नसतं. घरापासून घाटापर्यंत मी फक्त समोरचा रस्ता आणि हातातला धूर पाहिला. मागून आई कशात येत होती, तिच्या शेजारी कोण बसलं होतं, ते मी पाहिलंच नव्हतं.

दुर्गेश्वरी म्हणाली, आत्ताच्या आत्ता परत करा. मी दुधरामला फोन केला. "परतीचा धंदाच नाई जी या गाडीचा," तो म्हणाला आणि फोन ठेवला. इकडे धान पिवळा होऊन वाकला होता. बाबा रोज विचारत होते, नेतो का नाई. शेवटी ठरलं की बाबांना काही कळू द्यायचं नाही. गाडीला निळा रंग दिला. वाळल्यावर बाजूला दुधरामनं आधी रंगानं झाकलेली 'अंतिम प्रवास' ही जुनी अक्षरं रंगाखालून वर आली. दुसरा हात दिला, ती पुन्हा आली. तिसऱ्यांदा मी त्यावर युरियाची रिकामी पोती पसरून खिळे मारले. बाबांनी विचारलं तर ही फिरत्या दवाखान्याची गाडी होती असं सांगायचं, हे सगळ्यांना बजावून ठेवलं.

विजेचा प्रश्न मी रीतसर सोडवायला गेलो, ही आणखी एक चूक. वीज कार्यालयातला माझ्याच दर्जाचा बाबू म्हणाला, शेतीपंपाच्या जोडणीवर करमणुकीचं उपकरण चालवता येत नाही. मी म्हटलं, ही करमणूक नाही, औषध आहे. तो म्हणाला, मग डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. डॉक्टरांनी 'मालिका, दिवसातून एकदा, जेवणासोबत' असं लिहून द्यायला साफ नकार दिला आणि माझाच रक्तदाब तपासला. ज्या शब्दांनी मी आयुष्यभर लोकांना परत पाठवलं तेच शब्द ऐकून मी परत आलो. मग टीव्ही टिंकूच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडला. ट्रॅक्टर सुरू केला की टीव्ही आपोआप सुरू होई, आणि बॅटरी उतरू नये म्हणून मालिका संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावं लागे. कावेरी डिझेलवर जगत होती म्हणा.

छत्री बसवायला गोंदियाहून गजेंद्र आला. छपरावर चढून तो खूश झाला. "साहब, यहाँ तो पहले से खूँटा लगा है! किस्मत है आपकी।" त्यानं छत्री खुंटावर पक्की केली, इकडे फिरव तिकडे फिरव केलं, आणि आमच्या दारात उभ्या गाडीत चित्र असं लख्ख आलं की गल्ली टाळ्या वाजवायला लागली. "सिग्नल फुल है, अब दस साल देखना नहीं," असं म्हणून तो गेला. दारात दिसतं ते बांधीवरही दिसेल, असं मी धरून चाललो. गाडी हलली, वळली, पांदणीत आंब्याच्या फांदीनं छत्रीला एक चपराक दिली, तरी माझा विश्वास ढळला नाही.

बांधीवर पोचलो तेव्हा एक वाजायला थोडाच वेळ होता. बाबांना चौघांनी उचलून ओट्यावर निजवलं. त्यांनी काचेतून कापलेल्या धानाकडे पाहिलं आणि बाकाच्या कडेवरून हात फिरवला. दुर्गेश्वरीनं ताट वाढलं. टिंकूनं ट्रॅक्टर सुरू केला. टीव्हीवर निळा पडदा आला आणि 'सिग्नल नाही' अशी पाटी.

मी गजेंद्रला फोन लावायला मोहावर चढलो. तो नागऱ्याला देवळात होता, मागे घंटा वाजत होत्या. "आग्नेय की तरफ घुमाओ, आग्नेय!" एवढंच ऐकू आलं. मी झाडावरून उतरून गाडीच्या छपरावर चढलो. छत्रीचा स्क्रू फांदीनं वाकला होता, ती जागेवर राहीना. टिंकू म्हणाला, ट्रॉलीच वळवतो. सेवकराम खालून ओरडला, "वळवू नका! पाय दक्षिणेले होतीन काकाचे!" मग दक्षिण कुठली यावर वाद सुरू झाला. आतून दुर्गेश्वरी म्हणाली, "गाणं सुरू झालं असंन आता." मला ताटासमोर बसलेले बाबा दिसत नव्हते, पण त्यांचा हात मांडीवर असणार हे मला ठाऊक होतं.

मी दोन्ही हातांनी छत्रीला मिठी मारली आणि तिला आग्नेयेकडे वळवून तसाच उकिडवा बसलो. एकदम खालून मालिकेचं रडकं संगीत घुमलं. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज शेवटपर्यंत वाढवलेला असे.

"हालू नका!" दुर्गेश्वरी ओरडली. "जेवून राहिले!"

मी हललो नाही. पत्रा तापला होता, नाकावर माशी बसली होती, शेजारच्या बांधीतले मजूर विळे थांबवून एका सरकारी नोकराला छत्री कवटाळून बसलेलं पाहत होते. माझी इज्जत त्या दिवशी त्या पत्र्यावरच भाजून निघाली. पण खाली बाबा जेवत होते, आणि त्या गोंगाटातही त्यांनी आणखी वरण मागितलेलं ऐकू आलं तेव्हा मला रडू आलं. छत्री सोडता येत नव्हती म्हणून डोळेही पुसता आले नाहीत.

मालिका संपल्यावर मी खाली उतरलो. बाबा हात धुऊन पडले होते. म्हणाले, "वरचा खुंट मजबूत आहे ना?"

"हो बाबा. दवाखान्याचा दिवा होता तिथं आधी."

"भोंगा होता," बाबा म्हणाले. "भजनाचा. तुझ्या मायले नेलं तवा तोच वाजून राहिला होता."

मला तोंड कुठे लपवावं ते कळेना.

"मले कायले खोटं सांगतं? मी या बाकावर बसून गेलो ना तिच्यासंगं. तू समोर होता, तुले काय दिसन? रस्ताभर बोललो तिच्याशी. भोंग्यामुळं कोनाले ऐकू नाई आलं, बरं झालं." ते काचेतून बाहेर बघू लागले. "चांगली गाडी आणली बाबू. मले घरी नको नेजो आता."

दुसऱ्या दिवशी मी छत्री तारेनं बांधून पक्की केली. त्यानंतर बाबा रोज दुपारी पोटभर जेवले. धानाचे पुंजणे रचले, मळणी सुरू झाली, ते काचेतून सगळ्यांना शिव्या देत होते. मला वाटायला लागलं की ते उठतील. नाही उठले. अंगात ताप भरला, डॉक्टर बांधीवर येऊन मान हलवून गेले. त्या दुपारी त्यांनी मालिका पाहिली, पण दोनच घास खाल्ले. मला जवळ बोलावून म्हणाले, "मी तं चाललो. तुझ्या मायले अर्धंच सांगता येईन आता. तू माझ्या मांगून ये. कावेरी उठते का नाई, ते पूरं पाहूनच ये. घाई नको करजो."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले, मळलेल्या धानाच्या राशीकडे तोंड करून.

गाडी शोधावी लागली नाही. बालाघाटचे पाहुणे येईपर्यंत दुपार झाली. कोणीतरी युरियाची पोती काढून टाकली, आता लपवायचं काय होतं? छत्रीला मात्र मी तारेचे इतके वेढे दिले होते की ती कोणाला सोडवता येईना. "राहू द्या जी, कोनाचं काय अडते," सेवकराम म्हणाला. मी मडक्यात इस्तव घेतला आणि पुढे झालो. मागे टिंकूनं ट्रॅक्टर सुरू केला. टीव्ही त्याच बॅटरीला जोडलेला आहे, हे शोकात कोणाच्याच लक्षात आलं नाही.

नदीकडच्या वळणावर गाडीचं तोंड फिरलं आणि माझ्या पाठीमागे, रामनामाच्या वरताण आवाजात, कावेरीच्या मालिकेचं संगीत सुरू झालं. छत्रीला आग्नेय सापडली होती. रामनाम थांबलं. एक-दोघं हसले आणि खोकल्यात हसू लपवलं. मी मागे पाहू शकत नव्हतो. ट्रॅक्टरनं करकचून ब्रेक लावल्याचं तेवढं ऐकू आलं.

"ओमेशबाबू," सेवकरामचा कापरा आवाज आला, "बंद करू का?"

कचेरीत मी कधी कोणता निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेला नाही. तिथे मात्र मला वरच्या साहेबाची आठवणही झाली नाही.

"नको," मी समोर बघत म्हटलं. "गाडी हलवू नको टिंकू. भाग संपू दे."

आणि सगळे थांबले. बालाघाटचे पाहुणे, शालीकराम गुरुजी, टोपी काढलेले लोक, सगळे त्या वळणावर उन्हात उभे राहिले. मागून शकुंतलाबाईंचं रडणं ऐकू येत होतं, ते बाबांसाठी होतं की कावेरीसाठी, सांगता येत नाही. मडक्यातला धूर माझ्या डोळ्यांत जात होता. शेवटचं संगीत वाजून जाहिरात लागली तेव्हा मी विचारलं, "सेवकराम, उठली का?"

तो काचेतून पाहत असावा. जरा वेळानं म्हणाला, "नाई जी. एक बोट हाललं. बाकी उद्या दाखवतीन."

मी चालू लागलो. घाटापर्यंत छत्री मागे खडखडत येत होती. परततानाही मी वळून पाहिलं नाही.

तेव्हापासून मी रोज एक वाजता कचेरीतून घरी जेवायला येतो. दुर्गेश्वरी ताट वाढते आणि टीव्ही लावते. कावेरीनं अजून डोळे उघडलेले नाहीत. ते बोट आणखी दोनदा हललं, जावेनं तिच्या सलाइनमध्ये काहीतरी मिसळलं, आणि मालिका वाढवणार असल्याचं दुर्गेश्वरीच्या बहिणीनं कुठेतरी ऐकलं आहे. पूर्वी अशी बातमी ऐकून मी टीव्ही फोडायला निघालो असतो. आता मी आणखी थोडा भात मागून घेतो. बाबांनी घाई नको म्हणून सांगितलं आहे.